दोन घरचा पाहुणा

गेल्या दिवाळींत नांदेड येथील आमच्या जुन्या वाड्यांत सारें कुटुंब पुष्कळ वर्षांनीं एकत्र जमलें होतें. धाकट्या बंधूंचे चिरंजीव मेलबर्नहून आले होते. भगिनीचे चिरंजीव डब्लिनहून आले होते. आणि थोरल्या बंधूंचे चिरंजीव, जे लातूर जिल्ह्यांत निलंगा तालुक्यांतील एका खेड्यांत शिक्षक आहेत, ते बायकामुलांसह येऊन दाखल झाले होते. आमच्या घरीं अशा प्रसंगीं फराळ आटोपला म्हणजे बाजारभाव, परीक्षांचे निकाल आणि उपवर मुलामुलींचीं स्थळें हे विषय निघावयाचे, हा परिपाठ ठरलेला. यंदां मात्र वाद पेटला तो एका चेंडूवरून, आणि तो इतका रंगला कीं दुपारचा चहा दोन वेळां निवून गेला. त्या वादांत जें ऐकलें आणि त्यावर मागाहून जो विचार केला, तो वाचकांपुढें ठेवावासा वाटतो. कारण प्रश्न खेळाचा असला तरी तो आपल्या घराघरांतून वेगळ्या नांवानें वावरत असतो.

मेलबर्नच्या पुतण्यानें दूरचित्रवाणीवर 2017 सालच्या एका सामन्याचें चित्रण लावलें होतें. एका बाजूस ऑस्ट्रेलिया, दुसऱ्या बाजूस आयर्लंड. खेळाडू चेंडू हातांत घेऊन धांवत होते, मध्येंच तो जमिनीवर आपटून पुन्हा झेलीत होते, पायानें लांब उडवीत होते, आणि प्रतिपक्षाचा गडी हातीं लागला कीं त्यास कवेंत धरून खालीं लोळवीत होते. "हा फुटबॉल म्हणावा कीं कुस्ती?" असें आमच्या सूनबाईंनीं सहज विचारलें, आणि त्याचें उत्तर देतां देतां दोघां आते-मामे भावांची जुंपली.

वाद समजावा म्हणून प्रथम वस्तुस्थिति सांगितली पाहिजे. आयर्लंडांत आणि ऑस्ट्रेलियांत जो फुटबॉल लोकांच्या जिवाभावाचा आहे, तो आपल्याकडे ठाऊक असलेला फुटबॉल नव्हे. ऑस्ट्रेलियन खेळाचे नियम मेलबर्न येथें 1859 सालीं लिहिले गेले. तो क्रिकेटच्या लंबवर्तुळाकार मैदानावर, लांबट चेंडूनें, एकेका बाजूस 18 गडी घेऊन खेळतात. मैदानाच्या टोकाला चार उभे खांब असतात. मधल्या दोहोंतून चेंडू मारला तर 6 गुण, कडेच्या फटींतून गेला तर 1. आयर्लंडचा खेळ सांभाळणारी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही संस्था 1884 सालीं स्थापन झाली. त्या खेळांत मैदान आयताकृति, चेंडू वाटोळा आणि गडी 15. आडव्या दांडीखालून जाळ्यांत चेंडू गेला तर 3 गुण आणि दांडीवरून गेला तर 1, अशी त्यांची जुनी मोजणी आहे.

हे दोन्ही खेळ आपापल्या देशाबाहेर फारसे कोणी खेळत नाहींत. म्हणजे ज्या खेळावर सारा देश जीव टाकतो, त्याच खेळांत देशाच्या नांवानें लढावयास प्रतिस्पर्धीच मिळत नाहीं! ही अडचण, आणि हीच या मिश्र खेळाची जननी. 1967 सालीं मेलबर्नचे पंच व समालोचक हॅरी बाइट्झेल यांनीं तिकडील खेळाडूंचा एक संघ आयर्लंडास नेला, आणि त्या वर्षीं आयर्लंडांत अजिंक्य ठरलेल्या मीथ परगण्याच्या संघास हरविलें. मीथच्या मंडळींनीं पुढल्याच वर्षीं ऑस्ट्रेलियांत जाऊन त्याची व्याजासह परतफेड केली. पुढें 1984 सालीं, आयरिश संस्थेच्या शताब्दीच्या वर्षीं, उभय संस्थांनीं मिळून ठरविलेल्या नियमांनीं तीन सामन्यांची पहिली मालिका आयर्लंडांत झाली.

तडजोड मोठी चतुराईची आहे. वाटोळा चेंडू, आयताकृति मैदान आणि जाळें राखणारा गडी हीं आयर्लंडचीं; खेळाचे चार भाग, दूरवरून आलेला चेंडू झेलणाऱ्यास तो निर्वेधपणें मारूं देण्याची सवलत आणि अंगावर जाऊन गड्यास पाडण्याची मुभा हीं ऑस्ट्रेलियाचीं. गुणांतही दोघांचा मान राखला आहे: जाळ्यांत 6, दांडीवरून 3 आणि कडेच्या फटींतून 1.

आतां वादाकडे वळूं. मेलबर्नच्या पुतण्याचें म्हणणें असें कीं, कागदावर हें सारें सुंदर आहे, परंतु या खेळांत जीव नाहीं. "आमच्याकडे सारा हिवाळा फुटबॉलशिवाय दुसरी गोष्ट निघत नाहीं," तो म्हणाला, "पण या मालिकेचें नांव काढा, लोक विषय बदलतात. हंगाम संपलेला, गडी थकलेले, चेंडू परका. ज्यांना पगार देऊन संघ सांभाळतात त्यांचे हातपाय अशा खेळांत मोडले तर काय, म्हणून मालकांची नाखुषी. आणि मुख्य म्हणजे, हा खेळ जगांत एकही पोर गल्लींत खेळत नाहीं. ज्या खेळाला गल्ली नाहीं, त्याला घर कोठून असणार?" त्यानें आणखी एक गोष्ट पुढें केली. 2005 व 2006 सालच्या सामन्यांत अंगावर जाण्याच्या मुभेचें पर्यवसान उघड हाणामारींत झालें. 2006 सालीं डब्लिनच्या सामन्यांत आयर्लंडचा एक खेळाडू बेशुद्धावस्थेंत बाहेर न्यावा लागला, आणि 2007 सालची मालिका रद्दच झाली. 2008 सालीं ती पुन्हा सुरू झाली खरी; पण 2017 सालीं ॲडलेड व पर्थ येथें झालेल्या दोन सामन्यांनंतर, जे ऑस्ट्रेलियानें एकूण 116 विरुद्ध 103 गुणांनीं जिंकले, तिच्यांत पुन्हा वर्षानुवर्षांचा खंड पडला.

डब्लिनचा भाचा एरवीं मितभाषी. परंतु या ठिकाणीं तो सरसावून बसला. "तुमच्या खेळाडूंना पगार मिळतो, म्हणून तुम्हांला ही मालिका उगीचची दगदग वाटते. आयर्लंडचा खेळाडू एक पैसाही न घेतां खेळतो. रविवारीं हजारों लोकांपुढें खेळलेला गडी सोमवारीं सकाळीं शाळेंत फळ्यापुढें नाहीं तर शेतावर उभा असतो. त्याला मिळूं शकणारा सर्वांत मोठा मान म्हणजे आपल्या परगण्याचा पोशाख. देशाचा पोशाख अंगावर घालण्याची संधि या एका मालिकेखेरीज त्याला कोठें आहे? तुम्ही बेशुद्ध पडलेला गडी सांगितलात; पण त्याच दिवशीं क्रोक पार्कवर 82,127 माणसें जमलीं होतीं, तें कां सांगत नाहीं? जीव नसलेल्या गोष्टीसाठीं इतकीं माणसें घराबाहेर पडतात काय?" मग त्यानें दोन खेळाडूंचीं नांवें घेतलीं. डब्लिनचा जिम स्टाइन्स अठराव्या वर्षीं मेलबर्नला गेला आणि परक्या चेंडूची विद्या शिकून 1991 सालीं तेथील सर्वोत्तम खेळाडूस मिळणारें ब्राउनलो पदक घेऊन बसला. केरी परगण्याचा टाइग केनेली हा 2005 सालीं सिडनीच्या संघांतून ऑस्ट्रेलियाचें अजिंक्यपद जिंकला, आणि घरीं परतून 2009 सालीं केरीबरोबर आयर्लंडचेंही. "दोन घरांमधली ही वाट कोणी तरी तुडवीत ठेवली आहे, म्हणूनच अशीं माणसें निपजतात," असें त्याचें म्हणणें.

इतका वेळ निलंग्याकडचे शिक्षक पुतणे चिवडा चघळीत ऐकत होते. ते शांतपणें म्हणाले, "काका, आपल्याकडे यावर एक म्हण आहे. दोन घरचा पाहुणा उपाशी!" सगळे हंसले, आणि वाद तेथेंच मिटला असता. परंतु शिक्षक पुतणे स्वतः कबड्डीचे जुने खेळाडू, म्हणून आम्हीं त्यांना सहज डिवचलें, कीं तुमची कबड्डी तरी कोठल्या एका घरची आहे?

वाचकांपैकीं पुष्कळांना ठाऊक असेल कीं, ज्याला आज सर्वत्र कबड्डी म्हणतात, तो मुळांत एक खेळ नव्हे. आपल्याकडे हुतुतू, बंगाल्यांत हाडुडु, तेलुगु व तामिळ मुलखांत चेडुगुडु. जितके मुलूख तितके नियम. महाराष्ट्रांतच त्याच्या निरनिराळ्या तऱ्हा होत्या. संजीवनींत एका बाजूचा गडी मेला कीं दुसऱ्या बाजूचा मेलेला गडी जिवंत होई. गामिनींत मेलेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे. अमर या प्रकारांत गडी मेला तरी मैदानांतच राही, नुसता गुण मोजला जाई. 1920 नंतरच्या वर्षांत आपल्याकडील मंडळींनीं हे नियम एकत्र गुंफावयास घेतले, आणि 1923 सालीं बडोद्यास हिंदविजय जिमखान्याच्या विद्यमानें झालेल्या सामन्यांत ते लावून पाहिले. 1936 सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें जगापुढें केलीं, त्यांत हा खेळही होता. 1938 सालीं कलकत्त्यास राष्ट्रीय क्रीडामहोत्सवांत त्याला स्थान मिळालें, 1950 सालीं अखिल भारतीय संस्था उभी राहिली, आणि 1990 सालीं बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत तो पदकाचा खेळ झाला. 2018 सालीं जाकार्त्यास इराणनें आपल्या पुरुषांना उपांत्य फेरींत आणि महिलांना अंतिम सामन्यांत हरविलें, तेव्हां देशभर हळहळ झाली. आम्हांस मात्र तेव्हांच वाटलें कीं खेळ आतां खरोखर जगाचा झाला. पाहुणा यजमानाला त्याच्याच अंगणांत चीत करूं लागला, म्हणजे तो पाहुणा राहिला नाहीं.

"तेव्हां कबड्डीही मिश्र खेळच," आम्ही म्हणालों, "मग ती कशी पोटभर जेवली?"

याचें उत्तर मेलबर्नच्या पुतण्यानें दिलें, तें मार्मिक आहे. तो म्हणाला, "कबड्डीची तडजोड पुस्तकांतून उतरून शाळांच्या अंगणांत गेली. पोरें तीच शिकलीं. आमची तडजोड दोन संस्थांच्या कचेऱ्यांतच राहिली." हें खरें आहे. कोणताही मिश्र खेळ वरून लादून वाढत नाहीं. तो संध्याकाळीं दिवेलागणीपर्यंत घरीं न येणाऱ्या पोरांच्या पायांनींच वाढतो.

परंतु डब्लिनचा भाचा इतक्यावर थांबणारा नव्हता. त्यानें दुसरी बाजू दाखविली, आणि ती आम्हांसही पूर्वीं सुचली नव्हती. "कबड्डी जेवली हें खरें, पण तिनें खाल्लें काय? गामिनी आज कोण खेळतो? अमर कोणाला येतो? चेडुगुडूचा तो स्वर कोणत्या सामन्यांत ऐकूं येतो? उलट आयर्लंडचा खेळ आणि ऑस्ट्रेलियाचा खेळ आपापल्या घरीं अबाधित आहेत. मिश्र खेळ चार दिवस पाहुणा येतो आणि जातो. कोणाचें घर बळकावीत नाहीं. उपाशी पाहुणा बरा, पण यजमानालाच गिळणारा नको!"

हें ऐकतांच शिक्षक पुतण्यांचा चेहरा एकदम उतरला. ते म्हणाले, "हेंच माझें दुःख आहे. आमच्या मातीला गिळलें तें असेंच." मग त्यांनीं आपल्या शाळेची हकीकत सांगितली. त्यांच्या शाळेच्या मुलींचा संघ गेल्या वर्षीं तालुक्यांत पहिला आला. सामने मातींत झाले. मुली अनवाणी खेळल्या. पुढची फेरी गादीवर, म्हणजे मॅटवर होती. मुलींनीं गादी त्या दिवशीं प्रथम पाहिली. बूट उसने आणलेले, कोणाला सैल, कोणाला घट्ट. मातींत ज्या मुलीची चढाई कोणाला पकडतां येत नसे, ती पहिल्याच चढाईला मध्यरेषेशीं घसरली आणि गुडघा धरून बसली. अर्ध्या तासांत सारें संपलें. परततांना एसटींत एकही मुलगी बोलली नाहीं. "दूरचित्रवाणीवर रंगीत गाद्या पाहून माझ्या मुलींना खेळाचें वेड लागतें, आणि त्याच गादीवर त्या हरतात. मिश्रण कोणाच्या सोयीचें आणि किंमत कोण देतो, हें कोणी तरी विचारा," असें ते म्हणाले, आणि दिवाणखान्यांत क्षणभर कोणी बोललें नाहीं.

वास्तविक माती आणि गादी यांचें भांडण आपल्याकडे कुस्तींत फार दिवसांचें आहे, आणि त्यावर एक तोडही काढलेली आहे. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेंत मातीचा विजेता वेगळा निवडतात, गादीचा वेगळा निवडतात, आणि त्या दोघांची शेवटची कुस्ती लावतात. 2023 सालीं पुण्यास मातीचा विजेता महेंद्र गायकवाड आणि गादीचा विजेता शिवराज राक्षे यांच्यांत ती झाली, आणि नांदेडतर्फे उतरलेल्या राक्ष्यांनीं गदा मिळविली. आमच्या गांवांत त्या दिवशीं आनंद झाला, हें सांगावयास नको. लातूर जिल्ह्याला तर मातीचा अभिमान पिढीजात आहे. रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांनीं 1969 सालीं हाच किताब मिळविला होता. या तोडींत दोन्ही घरांचा मान राहतो, हें खरें. पण शिक्षक पुतण्यांनीं लगेच बोट ठेवलें: शेवटची कुस्ती कोठें होते? गादीवर. म्हणजे मातीच्या मल्लानें पाहुणा होऊन गादीच्या घरीं जावयाचें; गादीचा मल्ल मातीच्या घरीं येत नाहीं. आयर्लंड-ऑस्ट्रेलियाच्या तडजोडींत निदान चेंडू एकाचा तर पकड दुसऱ्याची, आणि मालिका कधीं या देशीं तर कधीं त्या देशीं भरते. तडजोड ती, जींत दोघेही कांहीं सोडतात. एकानेंच सोडावयाचें असेल, तर तिला तडजोड हें नांव देऊं नये.

आमच्या मातोश्री नव्वदीला टेकल्या आहेत. त्यांचें माहेर देगलूर. निजामी अमलांतील त्या सरहद्दीवरच्या गांवांत एका आळींतील पोरें मराठी बोलत, दुसरींतील तेलुगु. त्या पलीकडे माजघराच्या दारांत बसून वाती वळीत होत्या, आणि ऐकूं येत नाहीं असें भासवीत सारें ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळीं या आळीचीं पोरें हुतुतू म्हणत, त्या आळीचीं चेडुगुडु म्हणत. खेळ सुरू होण्याआधीं अर्धा तास भांडण, मेलेला उठवायचा कीं नाहीं. मग ठरे, आज तुमच्या अंगणांत तुमचें, उद्यां आमच्या अंगणांत आमचें. कोणाचें अडलें नाहीं." आणि मग नातवाकडे वळून, "अरे, दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो तो त्याच्या दोषानें नव्हे. या घराला वाटतें, तो त्या घरीं जेवला असेल. त्या घराला वाटतें, या घरीं जेवला असेल. तुझ्या पोरी कोठें जेवतात रे?"

प्रश्न साधा होता. पण त्यानें सकाळपासूनच्या वादाला एकदम तळ लाभला. आम्ही सारे दोन देशांच्या पाहुण्याची भूक मोजीत होतों, आणि खरा उपाशी पाहुणा निलंग्याकडच्या त्या शाळेंत होता. मातीचे अभिमानी म्हणतात, मुलींना गादी कशाला; गादीचे अभिमानी म्हणतात, मुली तयारी करून आल्या असतील. दोघांच्या मध्यें मुली घसरून पडतात.

पुढें जें झालें तें मोठें कांहीं नव्हे, परंतु सांगण्याजोगें आहे. रात्रीं जेवणें झाल्यावर मेलबर्न आणि डब्लिन हे दोघे भाऊ, जे दुपारीं एकमेकांचें ऐकून घ्यावयास तयार नव्हते, ते ओसरीवर कागद-पेन्सिल घेऊन बसले. महिलांच्या कबड्डीचें मैदान 12 मीटर लांब व 8 मीटर रुंद. तेवढ्याला किती गाद्या लागतील, जुन्या पण चांगल्या कोठें मिळतील, पावसाळ्यांत त्या ठेवावयाच्या कोठें, आणि बूट मुलींच्या मापाचेच हवेत, उसने नकोत, असा त्यांचा हिशेब मध्यरात्रीपर्यंत चालला होता. खर्च दोघांनीं निम्मानिम्म उचलण्याचें ठरविलें. शिक्षक पुतण्यांनीं मात्र एक अट घातली: आठवड्याचे तीन दिवस खेळ मातींतच होईल, आणि महिन्यांतून एकदां थोरल्या मुली धाकट्यांना गामिनी व अमर शिकवितील. ती अट सर्वांनीं आनंदानें मान्य केली.

मिश्र खेळ चांगला कीं वाईट, या प्रश्नाला आमच्या मतें एकच एक उत्तर नाहीं. आयर्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांचा खेळ कदाचित् पुन्हा बहरेल, कदाचित् विस्मृतींत जाईल. त्याला गल्ली नाहीं हें व्यंग खरें, आणि देशाच्या पोशाखासाठीं झुरणाऱ्या बिनपगारी खेळाडूला तो हवासा वाटतो हेंही खरें. पाहुणा म्हणून आलेल्या खेळानें घर बळकावूं नये, आणि घरानें पाहुण्याला उपाशी ठेवूं नये, एवढें पथ्य पाळलें तर दोघेही सुखानें नांदतील. आपल्या एकत्र कुटुंबांतून दोन घरच्या चालीरीती रोजच एका चुलीवर शिजतात. कोणत्या सुनेनें माहेरची आमटी विसरली आणि कोणत्या सासूनें ती शिकून घेतली, हें वाचकभगिनींना आम्हीं सांगावयास नको.

निलंग्याहून परवां पत्र आलें आहे. गाद्या अजून यावयाच्या आहेत. बूट मात्र आले. मुलींनीं ते पहिल्या दिवशीं मातींतच घालून पाहिले, आणि मग काढून ठेवून अनवाणीच खेळल्या, असें पुतण्यांनीं लिहिलें आहे. मातोश्रींना तें वाचून दाखविलें तेव्हां त्या म्हणाल्या, "असूं दे. दोन्ही येऊं देत म्हणावें."